भरतीच्या आधी जरा उकिडवं बसून दाखवा

पहाटे पाचच्या आधी मोर्शीहून वरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिलात, तर अंधारात आधी आवाज येतो. बुटांचा. मग मोबाइलच्या टॉर्चचे दोन-चार ठिपके दिसतात आणि त्यांच्यामागून धापा टाकत पोरं येतात. कुणी गावातलं, कुणी आसपासच्या खेड्यांतून एका गाडीवर तिघं बसून आलेलं. थोडं उजाडलं की मुली येतात. त्यांना सोडायला आलेलं कुणीतरी गाडीवरच बसून राहतं. संत्र्याचा हंगाम असला की याच रस्त्यावर कॅरेट भरलेल्या गाड्या धावत असतात, म्हणून पोरं कडेच्या मुरमावरून पळतात. हे चित्र तुमच्याही गावात असणार. भरतीची तयारी करणारं एकही पोरगं नाही, असं गाव वऱ्हाडात शोधून दाखवा!

माझा मामेभाऊ यांच्यातलाच. बारावी झाली, एक भरती हुकली, आता दुसरीची तयारी चालू आहे. मागच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवला. "ताई, नडगी लय दुखून रायली. पन पयनं बंद केलं त मी मांगं पडीन."

बर्फ लावतोस का, बूट बदललेस का, असलं नेहमीचं विचारून झालं. मग सहज म्हटलं, टाचा जमिनीला टेकवून उकिडवा बस बरं. तो बसला आणि मागं पडला. पुन्हा प्रयत्न केला, तर टाचा उचलल्या. सोळाशे मीटर धावणारा पोरगा, आणि आजी जशी अंगणात बसून तांदूळ निवडते तसं त्याला दोन मिनिटं बसता येईना. आम्ही दोघंही हसलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आधी डाव किती मोठा आहे ते बघा. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागं शंभर जण. त्यानंतरच्या भरतीसाठी मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२५ मध्ये पंधरा हजारांच्या आसपास जागांना मंजुरी दिली. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तसंच. मैदानात निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार, आणि लेखीला बोलावतात एका जागेमागं दहा जणांना. अशा गर्दीत एक गुण म्हणजे काय, हे ज्याचं नाव एका गुणानं यादीबाहेर राहिलं त्यालाच विचारा.

मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि ७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटर. हे आकडे मैदानावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. एकमेकांना विचारतात तेही आकडेच. "किती राउंड मारले?" "टायमिंग किती आलं?" पळताना तुझा गुडघा आत जातो का, गोळा फेकताना कंबर वळते का, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. शाळेत कबड्डी खेळायचे मी. दोनदा तोच घोटा मुरगळला, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी सांगितलं की "नशीब खराब".

आता हालचालीचं काय ते पाहू. खेळ कुठलाही असो, शरीर मुळात मोजक्याच गोष्टी करतं. खाली बसतं आणि उठतं. कमरेतून वाकून काही उचलतं. एका पायावर भार घेतं. ढकलतं, ओढतं, धड वळवतं, वजन घेऊन चालतं. क्रीडाशास्त्राची पुस्तकं यांना मूलभूत हालचाली म्हणतात. धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं ही मूलभूत कौशल्यं या हालचालींवर उभी राहतात, आणि त्यांच्यावर उभा राहतो आपला खेळ. फार लांब जायला नको, संत्रा तोडणीला गेलेल्या बाईला सकाळभर बघा. फांदीखाली वाकते, उकिडवी बसून फळं निवडते, कॅरेट उचलून बांधापर्यंत नेते, गाडीत चढवायला वर देते. वरच्या यादीतलं जवळपास सगळं तिनं नऊ वाजायच्या आत केलेलं असतं. ती धावपटू झाली असती असं मला म्हणायचं नाही. पण ज्या हालचाली आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना कधी शिकाव्या लागल्या नाहीत, त्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना बावीस वर्षांत येईनाशा झाल्यात. दहावीपर्यंत बाक, मग ट्यूशनची खुर्ची, मग गाडी, मग पलंगावर मोबाइल. आणि मग एके दिवशी एकदम भरती.

गोळाफेकीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गुण मला तिथं वाया जाताना दिसतात. मैदानावर दहा मिनिटं थांबून बघा. बहुतेक पोरं समोर तोंड करून उभी राहतात, पाय जवळजवळ सरळ, आणि दगड भिरकावल्यासारखा दंडाच्या जोरावर गोळा फेकतात. गोळा सहा मीटरच्या आसपास पडतो. मग निष्कर्ष काय, तर "हातात जोर नाही". मग डंबेल. महिनाभर दंड फुगवूनही गोळा तिथंच.

गोळ्याला वेग जमिनीकडून मिळतो. मागचा पाय वाकलेला असतो, तो जमिनीला ढकलतो. त्या ढकलण्यानं खुबा पुढं वळतो, खुब्यामागं धड वळतं, धडामागं खांदा येतो आणि सगळ्यांत शेवटी हात. चाबूक जसा मुठीपासून टोकापर्यंत वेग घेत जातो, तसंच. ही साखळी फेकण्या-मारण्याच्या जवळपास प्रत्येक खेळात असते. टेनिसच्या सर्व्हिसबद्दल अमेरिकी क्रीडावैद्यक बेन किबलर यांनी मांडलेला हिशोब सांगतो, की निम्म्याहून अधिक जोर पाय, खुबा आणि धडातून येतो. खांदा आणि हात म्हणजे शेवटची कडी. आता ज्याला नीट खाली बसताच येत नाही, ज्याचा खुबा वळताना अडतो, त्याची साखळी पहिल्याच कडीला तुटते. उरलेलं सगळं खांद्यानं करायचं म्हटलं की एक तर गोळा जवळ पडतो, नाहीतर खांदा धरतो. आणखी एक, गोळा 'फेकायचा' नसतोच, तो मानेजवळून 'ढकलायचा' असतो. हात खांद्याच्या मागं गेला की फाउल. म्हणजे दगड मारायची लहानपणापासूनची सवय इथं थेट गुण कापते. कोनाचंही तसंच. पंचेचाळीस अंशांचा नियम आपण भौतिकशास्त्रात शिकलो, पण गोळा सुटतो जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरून, आणि फार वर ढकलायला गेलं की वेगच कमी होतो. म्हणून जगातले चांगले गोळाफेकपटू त्याहून बरेच खाली, साधारण पस्तीस-सदतीस अंशांवर गोळा सोडतात.

धावण्यात गोष्ट एवढी उघड दिसत नाही. तिथं सगळा दोष दमावर ढकलता येतो. पण एक हिशोब करा. पाऊल सव्वा ते दीड मीटरचं धरलं, तर १६०० मीटरमध्ये अकराशे-तेराशे पावलं पडतात. धावताना दोन्ही पाय एका वेळी जमिनीवर कधीच नसतात. म्हणजे प्रत्येक पाऊल ही एका पायावरची छोटी उडी, आणि त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या पोराच्या एका पायावर दीडशे किलो, तेही हजारभर वेळा, आणि हे फक्त एका चाचणीत. आता तुम्ही आरशासमोर एका पायावर उभे राहा आणि हळूच गुडघा वाकवा. गुडघा आत कोसळतो का? कंबर एका बाजूला लटकते का? जे एकदा, सावकाश करताना सांभाळता येत नाही, ते दमल्यावर तेराशे वेळा कसं सांभाळणार?

तरी इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नडगी दुखण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे धावणं एकदम वाढवणं. भरतीची जाहिरात आली, काल शून्यावर असलेला पोरगा आज पाच किलोमीटर, उद्या आठ. हाडालाही सवय व्हायला आठवडे लागतात. कडक घोटा, कमजोर पोटरी हे त्या आगीत तेल ओततात, पण आग लावतो तो आपला उतावीळपणा. आणि नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर तिथं व्यायाम नको, डॉक्टर हवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मामेभावाला हे मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा मामीनं सांगितलं तेव्हा तो गेला. सुदैवानं तडा नव्हता.

मुलींनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात ना, ती सवय साधी नाही. २००५ मध्ये अमेरिकेत टिमथी ह्युएट आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या २०५ मुलींच्या उड्या हंगामाआधी मोजून ठेवल्या. पुढं त्यांच्यातल्या नऊ जणींच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. या नऊ जणींचे गुडघे उडीवरून उतरताना इतरांपेक्षा बरेच जास्त आत झुकत होते. मग ही सवय बदलता येते का? नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या जवळपास एकोणीसशे मुलींवर एक प्रयोग झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीस मिनिटं ठरावीक वॉर्मअप. त्यात धावणं, एका पायावर तोल, बैठका, उड्या आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं. ज्या क्लबांनी तो केला तिथं गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. यंत्र नाही, जिम नाही, फक्त वीस मिनिटं. आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे दोन राउंड आणि मान गोल फिरवणं.

आता दुसरी बाजू. 'तुमची हालचाल तपासून देतो' असं सांगणारे कोच आता शहरांतून आणि इन्स्टाग्रामवरून आपल्यापर्यंतही पोचलेत. त्यांच्या हातात बहुतेकदा जी चाचणी असते तिचं नाव फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन. ग्रे कुक आणि ली बर्टन या अमेरिकींनी ती तयार केली. खोल बैठक, अडथळ्यावरून पाय टाकणं, खांद्यांची लवचिकता अशा सात हालचाली, प्रत्येकीला जास्तीत जास्त तीन गुण, एकूण २१. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या ४६ खेळाडूंचा २००७ मधला एक अभ्यास गाजला. ज्यांना १४ किंवा कमी गुण, त्यांना गंभीर दुखापतीचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. झालं! १४ हा जणू काळा आकडा ठरला. पण पुढच्या बऱ्याच अभ्यासांत हे नातं इतकं पक्कं निघालं नाही. कामगिरीच्या बाबतीत तर आणखी गंमत. २०११ मध्ये २५ कॉलेज गोल्फपटूंची ही चाचणी घेतली, शिवाय ते खांद्यावर वजन घेऊन किती जड बैठक मारू शकतात तेही मोजलं. धावण्याचा वेग, उडीची उंची आणि गोल्फच्या काठीचा वेग यांच्याशी संबंध लागला तो बैठकीतल्या ताकदीचा. हालचालीच्या गुणांचा नाहीच.

याचा अर्थ हालचाल बिनकामाची, असा मी घेत नाही. सुंदर बैठक मारता आली म्हणजे १०० मीटर आपोआप साडेअकरा सेकंदांत येत नाही, एवढाच घेते. हालचाल ही गाडीची चाकं. ती वाकडी असली तर इंजिन मोठं बसवून भागत नाही, पण चाकं सरळ करून गाडी आपोआप पळायलाही लागत नाही. इंजिन म्हणजे ताकद आणि दम, ती वेगळी कमवावी लागते. एखादा कोच तुम्हाला दोन महिने नुसतं स्ट्रेचिंग आणि तोल सांभाळणं करून घेत असेल आणि त्याचे पैसे घेत असेल, तर खुशाल प्रश्न विचारा. आणि सगळ्यांची बैठक एकसारखी दिसणारही नाही. कुणाच्या खुब्याच्या हाडाचीच ठेवण वेगळी असते, त्याला पाय जरा फाकवूनच खाली जाता येतं. त्यात चूक काही नाही.

आपल्या भागात हे सगळं नवीन वाटावं, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. मोर्शीहून तासा-दीड तासावर अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू भारतीय खेळ आणि व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवायला जर्मनीला गेला होता. अमरावतीत शिकत असताना मी त्या फाटकावरून अनेकदा गेले, आत मल्लखांब करणारी लहान पोरं बघितली आणि 'छान' म्हणून पुढं निघाले. आता वेगळं दिसतं. मल्लखांबावर चढणं म्हणजे ओढणं, पकडणं आणि धड वळवणं, तिन्ही एकत्र. बैठका म्हणजे बसणं-उठणं. जोर म्हणजे ढकलणं, पण छातीच्या पुशअपसारखं एका रेषेत नाही. कंबर वर, मग खाली झोकून पुढं, म्हणजे खांदा आणि पाठीचा कणा दोन्ही पूर्ण फिरतात. आखाड्यातल्या कुणी 'मूव्हमेंट पॅटर्न' हा शब्द वापरला नसेल, पण जोर-बैठकांचा शंभराचा आकडा लावणाऱ्या पोराकडे चाकं आणि इंजिन दोन्ही होती.

खो-खो घ्या. पारंपरिक खो-खोत आठ जण पाटीवर उकिडवे बसतात. खो मिळाला की त्या बसलेल्या अवस्थेतूनच सुटायचं. उठून, सरळ होऊन मग पळायला गेलात तर समोरचा निघून गेलेला असतो. खेळाडू दोन पद्धतींनी बसतात, दोन्ही पंजे समांतर ठेवून, किंवा एक पाय मागं घेऊन. या दुसऱ्या पद्धतीला 'बुलेट' म्हणतात. दोन्हींत घोटा वाकायला हवा आणि खुब्यात जोर हवा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तो अंतिम सामना पुन्हा बघा, पण चेंडू-गोल शोधणाऱ्या डोळ्यांनी नको. फक्त बसलेल्या खेळाडूंच्या टाचा आणि गुडघे बघा.

मग हे सगळं आपल्या मैदानावरून गेलं कुठं? थोडा दोष परीक्षेच्या रचनेचा आहे असं मला वाटतं. पूर्वी पोलीस भरतीत मुलांना लांब उडी आणि पुलअप्सही होते. २०१९ पासून ते गेले. चाचणी घेणं सोपं झालं असेल, हजारो उमेदवार उरकायचे असतात हेही मान्य. पण जे परीक्षेला नाही ते सरावात राहत नाही, हा आपला जुना आजार. उडी गेली, तिच्याबरोबर 'खाली कसं उतरायचं' हा धडाही गेला. पुलअप्स गेले, 'ओढणं' गेलं. उलट सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावण्यासोबत बीमवर पुलअप्स आहेतच, शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचं. शेवटच्या दोन्हींना गुण नसतात, फक्त पास व्हावं लागतं. मैदानावर एक जण मला म्हणाला, "त्या झिगझॅगची प्रॅक्टिस कायले करा लागते? थे त होऊन जाते." होऊन जातं, खरंय. बहुतेकांचं होतं. पण एका पायावरचा तोल फक्त त्या पट्टीसाठी नसतो, तोच तोल तेराशे पावलांत लागतो.

दुसरा दोष त्याच्याही आधीचा. व्हर्न सीफेल्ट या अमेरिकी अभ्यासकानं १९८० मध्ये एक कल्पना मांडली. मुलाला लहान वयात धावणं, उडी, फेकणं, झेलणं पुरेसं जमलं नाही, तर पुढं खेळाची कौशल्यं शिकताना त्याच्यासमोर अदृश्य भिंत उभी राहते. आपल्या सरकारलाही हे माहीत आहे. खेलो इंडियाच्या शाळकरी मुलांच्या चाचण्यांत पाच ते आठ वर्षांच्या मुलांना धावायला लावतच नाहीत. एका पायावर फ्लेमिंगो पक्ष्यासारखं उभं राहायचं आणि एका मिनिटात किती वेळा तोल गेला ते मोजायचं. दुसऱ्या चाचणीत दोन तबकड्यांना आलटून पालटून हात लावायचा. पन्नास मीटर, सहाशे मीटर, पुशअप हे सगळं नऊ वर्षांनंतर. कागदावर क्रम अगदी बरोबर. पण तुमच्या शाळेत पीटीच्या तासाला काय व्हायचं ते आठवा. आमच्या शाळेत तो तास गणिताच्या सरांचा असायचा, आणि सहामाही जवळ आली की विज्ञानाच्या मॅडमचा. मी स्वतः फ्लेमिंगो करून पाहिला. डाव्या पायावर सात वेळा तोल गेला. तोच घोटा, दोनदा मुरगळलेला. नशीब नव्हतं तर!

याच ठिकाणी कुणीतरी अविनाश साबळेचं नाव काढणार, म्हणून मीच काढते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर, जायला गाडी नाही, म्हणून चालत-पळत. बारावीनंतर सैन्यात. धावपटू म्हणून त्याची ओळख सैन्यात गेल्यावरच झाली. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते. अडथळा जवळपास तीन फूट उंच आणि हर्डल्ससारखा पडणारा नाही. पस्तीस वेळा झेप घ्यायची, पस्तीस वेळा एका पायावर उतरायचं, आणि वेग सोडायचा नाही. मला त्याच्या गोष्टीतली शाळेची वाट महत्त्वाची वाटते. खाचखळग्यांतून रोज बारा किलोमीटर जाणाऱ्या पोराच्या घोट्याला काय काय शिकायला मिळालं असेल! पण गोष्ट इथं थांबत नाही. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीजवळ तो पडला. गुडघ्याचा एसीएल आणि मेनिस्कस, दोन्हींना इजा. शस्त्रक्रिया करावी लागली. जगातल्या उत्तम स्टीपलचेस धावपटूंपैकी एक, हजारो वेळा तीच उडी मारलेला माणूस. तेव्हा नीट हालचाल म्हणजे दुखापतीविरुद्धचं कवच, असं कुणी विकत असेल तर घेऊ नका. धोका कमी होतो, संपत नाही.

मग करायचं काय? मी कोच नाही, पण वाचलेलं आणि मैदानावर पाहिलेलं जुळवून मामेभावाला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आधी स्वतःची तपासणी, तीही फुकट. टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का. भिंतीपासून साधारण दहा सेंटीमीटरवर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का, आणि दोन्ही पायांत फरक किती. एका पायावर गुडघा वाकवताना तो कुठं जातो. पायरीवरून उडी मारून उतरताना मित्राला समोरून व्हिडिओ काढायला सांगा, मोबाइल आहेच हातात. जिथं अडकता, तिथं रोज दहा मिनिटं. बैठका मारा, पण आकड्यासाठी नको. खाली दोन सेकंद थांबून, गुडघा बोटांच्या रेषेत ठेवून. त्या सोप्या झाल्या की पाठीवर वजन घ्या. घरी संत्र्याचं कॅरेट असेल तर वीस-बावीस किलोचं वजन फुकट मिळालं. पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून उचला आणि बांधापर्यंत नेऊन ठेवा. आई खूश होईल ते वेगळं. गोळा आठवड्यातून दोन दिवस, आणि पहिले दहा फेक हात न वापरता, म्हणजे फक्त मागच्या पायानं ढकलून कंबर वळवायची, गोळा मानेला चिकटलेला. लोक हसतील. धावणं दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवा, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीच्या दिवशी अपराधी वाटेल, वाटू द्या.

परवा सकाळी मामेभावाचा व्हिडिओ आला. नडगी अजून दुखते, पण पूर्वीसारखी नाही. सध्या तो पंधरा दिवस कमी पळतोय आणि त्यावरून ग्रुपमधले त्याला चिडवतात. व्हिडिओत तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसलेला होता, टाचा जमिनीवर, हात पुढं, तोंड लालबुंद. शेजारी आणखी दोघं तसंच बसायला बघत होते आणि त्यांच्यातला एक दर पाच सेकंदांनी मागं पडत होता. मागून कुणाचातरी आवाज येत होता, "काऊन बे, भरती पोलिसाची हाय का तांदूळ निवडाची?"